घोरणं थांबलं, तरी कार्बन डायऑक्साइड साचलेलाच: एक प्रकरण अभ्यास

ओळख पटेल असे सगळे तपशील इथे काढून टाकले आहेत किंवा बदलले आहेत. आकडे, क्रम आणि निर्णय मात्र तसेच ठेवले आहेत, कारण या प्रकरणातलं शिकण्यासारखं सगळं त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

बाई ५२ वर्षांच्या. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११८ किलो, म्हणजे बीएमआय ४७. मानेचा घेर ४३ सेंटिमीटर. दिवसभर खुर्चीत बसून हिशेबाचं काम. सहा वर्षांपूर्वी वजन ९६ किलो होतं. मग गुडघे दुखू लागले, चालणं सुटलं, त्याच सुमारास पाळी गेली आणि वजन वर्षागणिक तीन-चार किलोंनी चढत गेलं.

या सहा वर्षांत त्यांच्या मागे एकेक निदान लागत गेलं. आधी रक्तदाब, तोही तीन गोळ्यांनी जेमतेम आटोक्यात. मग निद्रानाश. रात्री चार-पाच वेळा जाग येते, लघवीला उठावं लागतं, पुन्हा डोळा लागत नाही, ही तक्रार होती. त्यावर क्लोनाझेपाम या झोप आणणाऱ्या औषधाची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली आणि चार वर्षं चालू राहिली. पायांवर सूज दिसली तेव्हा लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड जोडलं. सकाळचं डोकं दुखणं मायग्रेनच्या खात्यात गेलं, दिवसाचा थकवा वयाच्या. थायरॉइड दोनदा तपासलं, दोन्ही वेळा ठीक निघालं.

प्रत्येक डॉक्टरांनी आपल्यासमोरच्या तक्रारीवर योग्य तेच औषध दिलं होतं. चुकीचं होतं ते इतकंच, की सगळे कागद एकत्र ठेवून कोणी वाचले नव्हते.

अडचण कशी समोर आली

नेहमीच्या तपासणीत बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९१ टक्के दिसलं. बोट गार असेल म्हणून दुसऱ्या हाताला लावलं, तिथेही ९१. त्यावर रात्री नाकाने मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन घ्यायचा सल्ला मिळाला आणि घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीने हाका मारल्या तर आई उठेना. अर्ध्या तासाने डोळे उघडले, पण वार कोणता ते सांगता येईना, डोकं फुटायला आलेलं. मुलीने यंत्र बंद केलं आणि त्यांना घेऊन निद्राविकार तज्ज्ञांकडे आली.

सोबत तिने मोबाइलवर घेतलेलं चित्रण आणलं होतं. दोन मिनिटांचं. पहिले वीस सेकंद जोरकस घोरणं, मग एकदम शांतता. शांततेत छाती आत ओढली जाते आणि त्याच वेळी पोट वर येतं, झोपाळ्यासारखं उलटसुलट. म्हणजे श्वास घ्यायची धडपड चालू आहे, हवा मात्र आत जात नाही. ३८ सेकंदांनी मोठा आचका, खांदे हलतात, घोरणं पुन्हा सुरू. मुलगी म्हणाली, “आई घोरते तोवर मला झोप लागते. ती गप्प झाली की मी उठून बसते.” बाईंना स्वतःला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी त्यांना “झोप लागत नाही” इतकंच.

प्रश्नावल्या भरून घेतल्या. दिवसा डुलकी लागण्याच्या एपवर्थ मापनात २४ पैकी ११ गुण, म्हणजे १० च्या मर्यादेच्या जरासेच वर. स्त्रिया बहुतेकदा “झोप येते” असं न म्हणता “गळून गेल्यासारखं होतं” म्हणतात आणि हे मापन डुलकीच विचारतं, त्यामुळे कमी गुणांवर विसंबायचं नसतं. झोपेत श्वास बंद पडण्याचा धोका जोखणाऱ्या स्टॉप-बँग प्रश्नावलीत आठपैकी सात. आठवा गुण पुरुष असण्याचा.

जास्त वजनात रात्री नेमकं काय बिघडतं

पुढचे निर्णय कळायला हे आधी समजून घ्यावं लागतं. वजनाने श्वासावर दोन वेगवेगळ्या जागी घाव बसतो आणि बहुतेकांना पहिलाच माहीत असतो.

पहिली जागा घसा. चरबी फक्त मानेवर बाहेरून दिसते तेवढीच नसते. घशाच्या भिंतीत आणि जिभेच्या आतही ती साचते. जीभ जड होते, वाट अरुंद होते. जागेपणी घशाचे स्नायू ती वाट ताणून उघडी ठेवतात, झोपेत ते सैलावतात आणि उताणं झोपलं की जीभ मागे पडते. वाट अर्धवट मिटली की घोरणं, पुरती मिटली की श्वास बंद. झोपेत हे वारंवार होण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

दुसरी जागा छाती आणि पोट. पोटातली चरबी आडवं झाल्यावर श्वासपटलाला वर ढकलते. श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहायला हवी ती कमी उरते. ही शिल्लक म्हणजे ऑक्सिजनचा साठा, म्हणून श्वास थांबला की सडपातळ माणसापेक्षा ऑक्सिजन कितीतरी झपाट्याने घसरतो. फुप्फुस फुगलेलं असताना श्वासनलिका खाली ओढली जाते आणि त्या ताणाने घसाही उघडा राहतो. फुप्फुस लहान झालं की तो ताण जातो, म्हणजे दुसरा घाव पहिल्यालाही खोल करतो. शिवाय छातीवरचं वजन प्रत्येक श्वासाला उचलावं लागतं. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, फासळ्यांमधले स्नायू जवळपास निपचित असतात आणि सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. पहाटे रेम जास्त असते, म्हणून सगळ्यात वाईट तास पहाटेचे.

याचा हिशेब कार्बन डायऑक्साइडमध्ये चुकता होतो. श्वास बंद असताना तो साचतो. मधल्या श्वासांत तो बाहेर टाकायचा असतो, पण मधली उसंत अपुरी पडली तर रोज थोडा उरतो. रक्त आम्लधर्मी होऊ नये म्हणून मूत्रपिंडं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, राखून ठेवतात. बायकार्बोनेट वाढलं की मेंदूतल्या श्वासकेंद्राला कार्बन डायऑक्साइड वाढल्याची हाक तितकीशी ऐकू येत नाही. मग केंद्र सुस्तावतं आणि दिवसाही श्वास अपुरा पडतो. बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त, जागेपणी धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ मिलिमीटर पाऱ्याच्या वर, झोपेत श्वासाचा बिघाड आणि याला दुसरं कारण नाही, असं जमलं की त्याला लठ्ठपणाजन्य अल्पश्वसन म्हणतात. लठ्ठपणा असलेल्या स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांत साधारण १० ते २० टक्क्यांना हे असतं.

घरचा ऑक्सिजन का अंगाशी आला तेही इथे उलगडतं. अशा रुग्णाचा मंदावलेला श्वास बराचसा ऑक्सिजनच्या कमतरतेवर टिकून असतो. नुसता ऑक्सिजन दिला की बंद श्वासाचे कालखंड लांबतात आणि कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. ऑक्सिमीटरवरचा आकडा सुधारतो, माणूस गुंगत जातो. त्यात क्लोनाझेपाम होतंच.

जुन्या कागदांतले तीन आकडे

नवी तपासणी सांगण्याआधी जुनी फाइल उघडली.

हिमोग्लोबिन १६.४. आजवर या आकड्याकडे “रक्त चांगलं आहे” म्हणून पाहिलं गेलं होतं. पाळी गेलेल्या बाईत इतकं हिमोग्लोबिन म्हणजे रोज रात्री ऑक्सिजन कमी पडतोय आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा त्याची भरपाई करतेय, असा संशय घ्यायला हवा.

जागेपणीचं ९१ टक्के. हे वर आलंच.

आणि बायकार्बोनेट ३२. साध्या विद्राव्य क्षारांच्या तपासणीत, सोडियम-पोटॅशियमच्या खाली छापलेला आकडा. २७ च्या खाली असेल तर साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची शक्यता बरीच कमी होते. २७ किंवा वर असेल तर धमनीतलं रक्त तपासायचं.

इथे पहिला खरा वाद झाला. फ्युरोसेमाइडनेही बायकार्बोनेट वाढतं आणि बाई ते दोन वर्षं घेत होत्या, तेव्हा आकडा औषधाचा असेल हा मुद्दा वाजवी होता. पण चार वर्षांपूर्वीच्या कागदावर बायकार्बोनेट २९ होतं, फ्युरोसेमाइड सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी. तिथे वाद संपला. मनगटातल्या धमनीतून रक्त घेतलं: पीएच ७.३६, कार्बन डायऑक्साइडचा दाब ५५, ऑक्सिजनचा ६१, बायकार्बोनेट ३०. एकट्या फ्युरोसेमाइडचा खेळ असता तर पीएच ७.४५ च्या वर गेला असता. तो आम्लाच्या बाजूला झुकलेला आहे, म्हणजे मूळ बिघाड श्वासाचा आणि बायकार्बोनेट ही त्याची भरपाई.

छातीचा एक्स-रे स्वच्छ, फुंकर-चाचणीत दमा किंवा नलिकांचा अडथळा नाही, फुप्फुसाची क्षमता अपेक्षेच्या ७२ टक्के, वजनाला साजेशी. इकोमध्ये हृदयाची उजवी बाजू थोडी ताणलेली, फुप्फुसाच्या धमनीतला दाब अंदाजे ४८. पायांची सूज तिथून येत होती.

पर्याय काय होते

एक, “आधी वजन उतरवा, मग बघू.” हा सल्ला सर्वांत जास्त वेळा दिला जातो आणि इथे तो सर्वांत धोक्याचा होता. झोप तुटली की भूक चाळवते, दिवसा हालचाल होत नाही, आणि उजव्या हृदयावरचा भार वर्षभर थांबायला तयार नसतो. वजन उतरवणं हवंच होतं, पण पहिलं नव्हे.

दोन, घरी करायची झोप-चाचणी. सोपी, रुग्णाला सोयीची. पण ती नाकातला प्रवाह, छातीची हालचाल आणि ऑक्सिजन मोजते, कार्बन डायऑक्साइड नाही. मेंदूच्या लहरी नसल्याने झोप किती झाली हेही कळत नाही. श्वास थांबण्याच्या घटनांना झोपेच्या तासांऐवजी एकूण नोंदीच्या तासांनी भागलं जातं आणि निम्मी रात्र जागणाऱ्या माणसाचा आजार प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसतो. अल्पश्वसनाचा संशय असेल तर ही चाचणी पुरत नाही.

तीन, प्रयोगशाळेत पूर्ण निद्रा-परीक्षण, त्वचेवरून कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या संवेदकासह. हे निवडलं.

चार, दातांत बसवायचं जबडा पुढे ओढणारं उपकरण किंवा घशाची शस्त्रक्रिया. वाट उघडली तरी छातीवरचं वजन तसंच राहणार, म्हणून हे दोन्ही पर्याय बाजूला ठेवले.

निद्रा-परीक्षणाची रात्र

क्लोनाझेपाम एकदम तोडलं नाही. चार वर्षांची सवय अचानक मोडली तर झोप उडते, घाबरं होतं, क्वचित झटकेही येतात. दर दोन आठवड्यांनी पाव गोळी कमी करत आठ आठवड्यांत बंद करायचं ठरलं. परीक्षणाच्या रात्री त्या पाऊण गोळीवर होत्या आणि अहवालात ते लिहिलं. बेडचं डोकं ३० अंश वर ठेवलं. गाडी चालवणं त्या दिवसापासून बंद.

रात्र दोन भागांत केली, आधी निदान मग यंत्र. दर तासाला श्वास पूर्ण किंवा अर्धवट थांबण्याच्या घटना, ज्याला एएचआय म्हणतात, त्या ३० च्या वर गेल्या की आजार तीव्र. त्यांच्या पहिल्या दोन तास दहा मिनिटांच्या झोपेत एएचआय ६४ आला. ऑक्सिजन खाली ६१ टक्क्यांपर्यंत. त्वचेवरचा कार्बन डायऑक्साइड जागेपणी ५४, छोट्याशा रेम तुकड्यात ७१. दोन तासांत ४० च्या वर एएचआय असेल आणि पुढे तीन तास हाताशी असतील तर त्याच रात्री यंत्र लावता येतं, म्हणून लावलं.

सीपॅप हे यंत्र श्वासाला हवेचा सततचा दाब देतं आणि त्या दाबाची हवा घशाला आतून टेकू देते. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा मांडली. तंत्रज्ञांनी ५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबापासून सुरुवात केली, दर पाच मिनिटांनी किंवा त्याहून सावकाश एकेकाने वाढवत नेलं. १० ला पूर्ण बंद पडणं थांबलं. १२ ला अर्धवट अडथळे कमी झाले. १४ ला घोरणंही गेलं.

मग रेम झोप आली, उपाशी झोपेची परतफेड असावी तशी लांबलचक. प्रवाहाच्या रेषा गोल, सुबक, एकही अडथळा नाही. आणि ऑक्सिजन ८४ ते ८६ वर अडकलेला, त्वचेवरचा कार्बन डायऑक्साइड ६३. घसा उघडा होता, श्वासच उथळ होता.

दुसरा निर्णय: सीपॅप की बायपॅप

बायपॅपमध्ये श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब मिळतो. सोडतानाचा दाब घसा उघडा ठेवतो, दोहोंतला फरक छाती फुगवायला मदत करतो आणि श्वास मंदावला तर यंत्र स्वतः श्वास देऊ शकतं. उथळ श्वासाला उत्तर तेच. मग थेट तेच का दिलं नाही?

कारण पुरावा वेगळं सांगतो. अल्पश्वसनासोबत तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्या स्थिर रुग्णांवर स्पेनमध्ये झालेली मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दीर्घकाळात दोन्ही यंत्रांचा परिणाम सारखाच दिसला. त्याच वर्षी अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने अशा रुग्णांना सीपॅपपासून सुरुवात करावी असं सुचवलं. सीपॅप सोपं आहे, स्वस्त आहे, जुळवून घ्यायला हलकं आहे. रोज रात्रीचे अडथळे थांबले की श्वासकेंद्र काही आठवड्यांत पुन्हा ताळ्यावर येतं, असं पुष्कळांत घडतं.

म्हणून सीपॅप, दाब १४, चार आठवड्यांनी फेरतपासणी. हा निर्णय आजही बरोबरच वाटतो. चूक झाली ती फेरतपासणीत.

जे फसलं

पहिले दोन आठवडे मास्कपायी गेले. नाकापुरता मास्क दिला होता आणि झोपेत तोंड उघडत होतं. हवा तोंडावाटे निसटे, घसा कोरडा पडे, यंत्र दाब राखायला आणखी जोर लावे. घरच्यांनी पट्टे आवळले. नाकाच्या कण्यावर लाल वण उठला आणि गळती उलट वाढली. मास्कची कड हवेने फुगून चेहऱ्यावर बसते. ती आवळून चपटी केली की बसत नाही. मास्क बसवायचा तो आडवं पडून, यंत्र चालू असताना, कामाच्या दाबावर. आधी पट्टे ढिले, मग वरची जोडी, मग खालची, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच ताण. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिल्यावर गळती मिनिटाला ४० लिटरवरून १५ वर आली. बऱ्याच यंत्रांत २४ ही मर्यादा धरतात. गरम बाष्पक लावला तेव्हा नळीत पाणी साचून पहाटे गुडगुड होऊ लागली. यंत्र पलंगाच्या पातळीच्या खाली ठेवलं, बाष्पक एक घर कमी केला, नळीला कापडी आवरण घातलं, आणि ते थांबलं.

चौथ्या आठवड्यात यंत्राचं, वापराच्या नोंदी साठवणारं, कार्ड वाचलं. रोजचा वापर साडेपाच तास, उरलेला एएचआय ३, गळती आटोक्यात. सगळे खूश. घरचेही, कारण घोरणं बंद. “सकाळी डोकं अजून धरतं” असं बाई म्हणाल्या ते नोंदवहीत आहे. त्यापुढे काही केल्याची नोंद नाही.

यंत्र हवेच्या प्रवाहावरून अडथळे मोजतं. रक्तात ऑक्सिजन किती आणि कार्बन डायऑक्साइड किती, हे त्याला दिसत नाही. परीक्षणाच्याच रात्री १४ च्या दाबावर ८५ टक्के पाहिलेलं असताना कार्डावर समाधान मानणं ही आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात महाग पडलेली चूक. नवव्या आठवड्यात पायांची सूज परत आली तेव्हा कुठे यंत्र लावलेलं असताना रात्रभराची ऑक्सिमेट्री केली: सरासरी ८७ टक्के, ६१ टक्के वेळ ९० च्या खाली. धमनीतला कार्बन डायऑक्साइड ५३. कार्बन डायऑक्साइड उतरायला तीन महिने द्यावेत हे मान्य. ऑक्सिजन रात्रभर ८७ वर ठेवून तीन महिने थांबावं, असं मात्र कोणी म्हणत नाही. यासाठी लागणारं उपकरण मनगटाला बांधायचं, रात्रीपुरतं घरी न्यायचं, इतकंच आहे.

बायपॅपवर

दहाव्या आठवड्यात बायपॅप. सुरुवात श्वास घेताना १८, सोडताना १२, मिनिटाला किमान १४ श्वासांची पाठराखण.

इथे एक खाच आहे. दर श्वासाला किती हवा आत जायला हवी, हे आदर्श वजनावरून काढतात, किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर. १५८ सेंटिमीटर उंचीच्या बाईंचं आदर्श वजन सुमारे ५१ किलो, म्हणजे लक्ष्य साधारण ४०० मिलिलिटर. प्रत्यक्ष ११८ किलो धरून गुणाकार केला तर ९०० च्या वर जातं आणि यंत्र फुप्फुसात वेड्यासारखी हवा कोंबू लागतं. वजनाबरोबर चरबी वाढते, फुप्फुसं वाढत नाहीत.

१८ वर आकारमान ३२० च्या आसपास राहिलं. २२ वर ते लक्ष्याच्या पुढे गेलं, पण हवा गिळली जाऊन पोट डम्म फुगू लागलं. २० वर तडजोड झाली. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी आणि हलकं, कुशीवर झोपणं, डोकं वरच. एका महिन्याने रात्रीची सरासरी ९३ टक्के. तीन महिन्यांनी जागेपणीचा कार्बन डायऑक्साइड ४६, बायकार्बोनेट २७, बोटावर ९५, हिमोग्लोबिन १४.६. डोकेदुखी दुसऱ्याच आठवड्यात गेली होती. रात्रीचं लघवीला उठणं चारवरून एकवर आलं. ते मूत्राशयाचं दुखणं नव्हतंच. बंद घशाविरुद्ध ओढलेला प्रत्येक श्वास हृदयाला ताणतो आणि ताणलेलं हृदय मूत्रपिंडांना पाणी सोडायला सांगतं.

आता वजन

सूज उतरूनही पहिल्या तीन महिन्यांत वजन दीड किलोने वाढून ११९.५ झालं होतं. यंत्र सुरू झाल्यावर किंचित वजन वाढणं नेहमीचं आहे. रात्रभर श्वासासाठी झगडण्यात खर्च होणारी ऊर्जा वाचते. हे रुग्णाला आधी सांगून ठेवावं, नाहीतर दोष यंत्रावर जातो आणि यंत्र कपाटात.

किती उतरवायचं याचे दोन वेगळे हिशेब आहेत. ॲप्नियासाठी थोडंही कामाचं असतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात १० टक्के वजन घटलं तर एएचआय सुमारे २६ टक्के घटेल असा अंदाज निघाला. अल्पश्वसन मुळातून जायला मात्र २५ ते ३० टक्के घट टिकवावी लागते. बाईंच्या बाबतीत ८८.५ ते ८२.६ किलो. एवढी घट नुसत्या आहाराने क्वचित होते आणि टिकते त्याहून क्वचित, म्हणून बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठीच्या, शस्त्रक्रियेचा पर्याय सुरुवातीलाच मांडला. बाईंनी नकार दिला. भूल आणि फुप्फुसातला वाढलेला दाब पाहता त्यांची भीती अवास्तव नव्हती.

मग टिर्झेपाटाइड, वजन उतरवणारं आठवड्याचं इंजेक्शन. मध्यम ते तीव्र ॲप्निया आणि लठ्ठपणा असलेल्या रुग्णांवरच्या चाचण्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ५२ आठवड्यांत तासाच्या घटना सरासरी २५ ते २९ ने कमी झाल्या, डमी औषधावर पाचेकने. त्याच डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कारणासाठी त्याला मंजुरी दिली. घरात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग कोणाला नाही हे विचारून, आठवड्याला २.५ मिलिग्रॅमने सुरू केलं. दर चार आठवड्यांनी २.५ ने वाढ. ७.५ ला मळमळ आणि बद्धकोष्ठ इतकं झालं की तिथे आणखी आठ आठवडे थांबलो. पोट सावकाश रिकामं होणं आणि यंत्राची गिळलेली हवा एकत्र आली की त्रास दुप्पट होतो. प्रथिनं कमी पडू दिली नाहीत, खुर्चीत बसून करायचे ताकदीचे व्यायाम लावले.

अकराव्या महिन्यात वजन १०० च्या खाली आलं आणि बाईंनी कोणाला न सांगता बायपॅप बंद केलं. बरं वाटत होतं, मास्कही बसेनासा झाला होता. खरं तर चेहरा बारीक झाल्यामुळेच गळती वाढली होती. दर आठ-दहा किलोंनंतर मास्कचं माप पुन्हा घ्यायला हवं, ते राहिलं. दोन आठवड्यांत सकाळची डोकेदुखी परत आली आणि त्याच स्वतःहून आल्या. मास्क एका मापाने लहान दिला, यंत्र पुन्हा सुरू.

आजची स्थिती

औषधाला १४ महिने झाले तेव्हा वजन ९४ किलो, मूळच्या २० टक्के कमी. यंत्राशिवाय पुन्हा पूर्ण परीक्षण केलं: एएचआय २१, ऑक्सिजन खाली ७९ पर्यंत, जागेपणीचा कार्बन डायऑक्साइड ४३. ॲप्निया तीव्रवरून मध्यमवर आला, गेला नाही. जागेपणीचं अल्पश्वसन सध्या नाही. रक्तदाबाच्या तीन गोळ्यांची एक झाली, फ्युरोसेमाइड बंद. वजन उतरताना उभं राहिल्यावर चक्कर येऊ लागली होती. त्या गोळ्या आम्ही महिनाभर आधी कमी करायला हव्या होत्या. फुप्फुसाच्या धमनीतला दाब ३६.

बायपॅपवरून सीपॅप ११ वर आणलं. या खेपेला पहिल्या आठवड्यातच यंत्रावर असताना रात्रभर ऑक्सिमेट्री केली: सरासरी ९४, ९० च्या खाली फक्त ३ टक्के वेळ. चौथ्या आठवड्यात धमनीतलं रक्त, ४३.

टिर्झेपाटाइड सोडलं की वजन परततं आणि वजनामागून श्वासाचा बिघाड. म्हणून शस्त्रक्रियेचा विषय पुन्हा निघाला आहे, आणि आता भुलेचा धोका दीड वर्षापूर्वीपेक्षा बराच कमी आहे. बाईंनी अजून ठरवलेलं नाही. त्यांनी होकार दिला तर भूलतज्ज्ञांसाठीची चिठ्ठी आधीच फाइलीच्या पहिल्या पानाला लावून ठेवली आहे: स्वतःचा सीपॅप आणि मास्क सोबत आणणार, शुद्धीवर येताच लावायचा, झोप आणणारी औषधं शक्य तितकी टाळायची, नुसत्या ऑक्सिजनवर ठेवायचं नाही, जुनं बायकार्बोनेट ३२.